लाल स्पिनेल विकत घेताना: नाव कशाला, किंमत कशाची

या भागात बोललेलं सगळं इथे लिहून काढलंय. अडखळणं आणि 'म्हणजे, म्हणजे' तेवढं गाळलंय, बाकी तसंच आहे. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि कोणी लाल खड्याची अंगठी घ्यायला निघालं असेल तर त्यांना आधी पाठवा.

आजचा विषय लाल स्पिनेल. हा खडा बहुतेकांनी पाहिलेला असतो, पण माणिक म्हणून. जयपूरकडचे व्यापारी याला लालडी म्हणतात. गेल्या काही वर्षांत साखरपुड्याच्या अंगठीसाठी लोक तो मुद्दाम मागू लागलेत. अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनांनी २०१६ मध्ये ऑगस्टच्या जन्मरत्नांत त्याची भर घातली, तेव्हापासून नाव आणखी पसरलं. मागणी वाढली की गोंधळही वाढतो. म्हणून आज एवढंच करू: हा दगड आहे काय, चांगला कुठला, आणि पैसे देण्याआधी काय तपासायचं.

आधी थोडा इतिहास, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो

ब्रिटनच्या राजमुकुटात पुढच्या बाजूला एक मोठा लाल दगड आहे, साधारण १७० कॅरेटचा. त्याचं नाव 'ब्लॅक प्रिन्सेस रूबी'. रूबी म्हणजे माणिक. पण तो माणिक नाही, स्पिनेल आहे. दुसरा दगड 'तैमूर रूबी', साडेतीनशे कॅरेटच्या वर. त्यावर जहांगीर, शाहजहान, नादिरशाह अशा मालकांची नावं कोरलेली आहेत. पंजाब खालसा झाल्यावर लाहोरच्या खजिन्यातून तो ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि १८५१ मध्ये राणी व्हिक्टोरियाकडे. तोही स्पिनेलच. रशियाच्या शाही मुकुटाच्या माथ्यावर ३९८ कॅरेटचा लाल दगड आहे. पुन्हा स्पिनेल.

युरोपात रोमे द लील या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये या दोन दगडांत स्पष्ट भेद केला. त्यानंतर गोष्ट अशी पसरली की 'राजे-महाराजे फसले, त्यांच्या मुकुटात खोटे माणिक होते.'

पण आपल्या बाजूची गोष्ट वेगळी आहे. हे जुने मोठे दगड बदख्शानच्या खाणींतून यायचे. तिथली प्रसिद्ध खाण कुह-इ-लाल आज ताजिकिस्तानात आहे. फारसीत या दगडाला 'लाल' आणि माणकाला 'याकूत' अशी दोन वेगळी नावं होती. अल-बिरुनीने अकराव्या शतकात रत्नांवर ग्रंथ लिहिला, त्यात त्याने दोघांचा विचार वेगवेगळा केलाय. मुघल दरबाराला लाल हवा होता तो लाल म्हणूनच. त्यावर आपलं नाव कोरून घ्यावं इतका तो त्यांना मोलाचा वाटायचा. म्हणजे फसवणूक दगडाने केली नव्हती. नाव चुकीचं चिकटलं, एवढंच.

हे लांबण लावायचं कारण आहे. आजही दुकानात याच दोन प्रकारे पैसे जातात. एक तर स्पिनेल 'माणिक' म्हणून गळ्यात मारला जातो, नाहीतर स्पिनेलच्या नावावर भलताच लाल दगड.

मग फरक नेमका काय?

माणिक म्हणजे कुरुंद. हो, धार लावायचा कुरुंदाचा दगड असतो ना, तेच खनिज, फक्त पारदर्शक आणि लाल. अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन. स्पिनेलमध्ये या दोघांच्या जोडीला मॅग्नेशियम असतं. दोघांनाही लाल रंग येतो तो मात्र एकाच पाहुण्यामुळे, क्रोमियममुळे. अॅल्युमिनियमच्या काही जागांवर क्रोमियम जाऊन बसतं, ते हिरवा आणि जांभळा प्रकाश शोषून घेतं, आपल्यापर्यंत लाल पोचतो. त्यामुळे नुसत्या नजरेला दोघे भाऊ-भाऊ वाटतात.

आतली रचना मात्र वेगळी. स्पिनेलची रचना घनाकृती आहे. प्रकाश आत शिरला की त्याचे दोन तुकडे होत नाहीत. माणकात होतात. म्हणून माणिक एका बाजूने शुद्ध लाल आणि दुसऱ्या बाजूने किंचित केशरी दिसू शकतो. स्पिनेल कुठूनही फिरवा, रंग एकच. पैलू पाडणाऱ्याला हे सोयीचं पडतं, कारण रंगासाठी दगड अमुकच दिशेने कापावा लागत नाही.

कडकपणा मोहस् मापावर ८. माणकाचा ९, हिऱ्याचा १०. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे बारीक कण असतात, त्यांचा ७. म्हणजे रोज घालायच्या अंगठीसाठी स्पिनेल चालतो. एका ठरावीक पातळीत तो सहज चिरतही नाही. ओट्यावर आपटू नका, पण जपत बसायचीही गरज नाही.

'मग आमची अंगठी खोटी का?'

एका श्रोत्याने मेल केला होता, नाव सांगत नाही. आजीची अंगठी, घरात सगळे तिला माणकाची म्हणायचे. वाटणीच्या वेळी किंमत काढायला म्हणून लॅबला दिली. रिपोर्ट आला: नैसर्गिक स्पिनेल. घरात वातावरण बिघडलं. आई म्हणाली, आजोबांना त्या काळी सराफाने फसवलं. मामा म्हणाले, मग ही कोणीही घ्या, हिच्यावरून भांडण नको.

त्यांना मी जे लिहिलं तेच इथे सांगतो. रिपोर्टमधला 'नैसर्गिक' हा शब्द आधी वाचा. खोटा दगड म्हणजे काच, किंवा कारखान्यात बनवलेला दगड खाणीतला म्हणून विकलेला. तुमचा दगड जमिनीतून आलेला आहे, फक्त त्याचं नाव वेगळं आहे. पूर्वी बऱ्याच पेढ्यांवर चांगल्या लाल खड्याला सरसकट माणिक म्हणायचे, ओळखायची साधनं नव्हती. त्यामुळे कोणी मुद्दाम फसवलं असं त्यावरून सिद्ध होत नाही. आणि 'कोणीही घ्या' हे तर मुळीच नको. चांगल्या रंगाचा, स्वच्छ स्पिनेल हा साधारण दर्जाच्या माणकापेक्षा कितीतरी महाग असू शकतो. वाटणी करायची तर आधी किंमत नीट काढा. मामांनी उदारपणे सोडून दिलेली वस्तू घरातली सगळ्यात महाग निघाली, तर पुढच्या वादाला तुमचीच अंगठी कारण होईल.

चांगला लाल स्पिनेल म्हणजे कसा?

हिऱ्यासारखं एका कोष्टकात सगळं बसत नाही. रंगीत दगडात किंमतीचा मोठा भाग रंगाचा असतो. रंगाकडे तीन प्रश्न घेऊन बघा.

पहिला, लाल कुठल्या बाजूला झुकतो? शुद्ध लाल, गुलाबीकडे, केशरीकडे की जांभळ्याकडे? शुद्ध लाल सगळ्यात दुर्मीळ. बाजारात 'रेड' म्हणून येणारे बरेच दगड खरं तर गडद गुलाबी असतात. गुलाबी वाईट नाही, पण त्याला लालचा भाव देऊ नका.

दुसरा, किती गडद? फार गडद झाला की लांबून काळा दिसतो. दुकानातल्या दिव्याखाली झगमगणारा दगड लिफ्टमध्ये किंवा हॉटेलच्या मंद उजेडात कोळशासारखा दिसत असेल, तर तो पुढची तीस वर्षं तसाच दिसणार.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: रंगात राखाडी किंवा तपकिरी मिसळलाय का? स्पिनेलचा खरा शत्रू हाच. दगड पांढऱ्या कागदावर ठेवा, शेजारी दुसरे दोन-तीन ठेवा. एकटा असताना छान वाटणारा दगड शेजाऱ्यांमुळे लगेच मळकट दिसायला लागतो. म्हणून एकच दगड बघून कधी ठरवू नका.

आता त्या 'आतून पेटल्यासारखं' दिसण्याबद्दल. विक्रेते याचं फार वर्णन करतात आणि त्यामागे विज्ञान खरंच आहे. क्रोमियम प्रकाश शोषतं आणि त्यातली काही ऊर्जा लाल प्रकाश म्हणून परत सोडतं. दगडात लोह कमी असेल तर हे जास्त होतं, लोह हे विझवतं. म्यानमारच्या मोगोक भागातले आणि ताजिकिस्तानातले बरेच दगड अतिनील टॉर्चखाली निखाऱ्यासारखे लाल दिसतात ते यामुळे. उन्हातही अतिनील किरण असतातच, म्हणून असे दगड दिवसा जास्त जिवंत वाटतात.

प्रकाशाचं एक पथ्य पाळा. पिवळा दिवा लाल रंगाला नेहमी मदत करतो आणि सराफी दुकानात पिवळे दिवे भरपूर असतात. दगड खिडकीपाशी न्या, थेट ऊन नको, नुसता उजेड. मग पांढऱ्या ट्यूबखाली बघा. मग सावलीत. तिन्हीकडे आवडला तर पुढे बोला.

रंगानंतर स्वच्छता. स्पिनेल बऱ्यापैकी स्वच्छ मिळतो, त्यामुळे डोळ्याला दिसणारे तडे किंवा ठिपके असतील तर भाव कमी व्हायला हवा. दहा पट भिंगातून मात्र आत काहीतरी दिसलेलं चांगलंच. नैसर्गिक स्पिनेलमध्ये कधीकधी आठ बाजूंचे चिमुकले स्फटिक ओळीने मांडल्यासारखे दिसतात, ती त्याची ओळखीची खूण.

शेवटी घडण. दगड वरून सरळ बघा. मधोमध काचेसारखं आरपार दिसून खालची बोटाची रेघ वाचता येत असेल, तर तळ फार उथळ कापलाय. वजन वाचवायला किंवा रुंदी दाखवायला असं करतात. उलट पोट फार खोल असेल तर तुम्ही वजनाचे पैसे देताय, जे कोंदणात लपणार आहे.

ओळख पटवायची कशी: एकेक पर्याय गाळत जायचा

माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे मला हे डीबगिंगसारखं वाटतं. एक चाचणी कधीच उत्तर देत नाही, ती फक्त काही पर्याय बाद करते.

समोर लाल दगड आहे. तो स्पिनेल, माणिक, गार्नेट, काच किंवा कारखान्यातला दगड यांपैकी काहीही असू शकतो.

अतिनील टॉर्च मारा. गार्नेट सहसा थंड राहतो, लाल स्पिनेल आणि माणिक बऱ्याचदा उजळतात. पण कारखान्यात बनवलेले माणिकही जोरात उजळतात! म्हणजे 'उजळला म्हणून अस्सल' हे विधान साफ चूक. ही चाचणी गार्नेटचा संशय कमी करते, बाकी काही नाही.

डायक्रोस्कोप नावाचं एक छोटं नळीसारखं साधन मिळतं. त्यातून माणकाच्या दोन वेगळ्या छटा शेजारी-शेजारी दिसतात, स्पिनेलची एकच. इथे माणिक बाद होतो. गार्नेट आणि काच मात्र होत नाहीत, कारण त्यांचीही एकच छटा दिसते.

आता घनता. ही घरी करता येते आणि मला सगळ्यात आवडते. दगड सुटा हवा, अंगठीत बसवलेला नको, आणि मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा हवा. समजा दगड २ कॅरेटचा, म्हणजे ०.४०० ग्रॅम. काट्यावर पाण्याचा हलका कप ठेवून आकडा शून्य करा. दगड बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल ते बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. ०.१११ आला, तर ०.४०० भागिले ०.१११, म्हणजे ३.६०. ही स्पिनेलची घनता. माणिक असता तर आकडा ०.१०० आला असता, घनता ४. दोन मिलिग्रॅम इकडेतिकडे झाले तरी दोघांत गल्लत होत नाही. दगडाला बुडबुडे चिकटू देऊ नका, त्याने आकडा बिघडतो.

पण, आणि हा मोठा पण आहे, यातून दगडाची जात कळते, जन्म कळत नाही. ज्वालेत वितळवून बनवलेला स्पिनेल शंभरेक वर्षांपासून आहे. त्या पद्धतीने चांगला लाल बनवणं अवघड, त्यामुळे स्वस्त लाल मालात कारखान्याचे माणिक आणि काच जास्त सापडतात. मात्र फ्लक्स पद्धतीने वाढवलेला लाल स्पिनेलही असतो आणि त्याचे आकडे नैसर्गिकाशी जुळतात. तिथे घरचा काटा काय, साधा अनुभवी डोळाही कमी पडू शकतो. तिथून पुढे लॅबचं काम.

रिपोर्ट कसा वाचायचा

रिपोर्टमधून तीन उत्तरं हवीत. दगड कुठला? नैसर्गिक की कृत्रिम? त्यावर प्रक्रिया झालीय का?

तिसऱ्या प्रश्नावर स्पिनेलची बाजू भक्कम आहे. बाजारातले बहुतेक माणिक तापवलेले असतात, आणि स्वस्तातल्या अनेक माणकांच्या तड्यांत शिशाची काच भरलेली असते. स्पिनेल बहुधा जसा निघाला तसाच कापून विकला जातो. तापवलेले किंवा तड्यांत तेल भरलेले दगड मिळतात, पण तुलनेने कमी. म्हणून गृहीत धरू नका, रिपोर्टमध्ये लिहिलेलं बघा.

मग वजन आणि मिलिमीटरमधली मापं स्वतः जुळवून बघा. रिपोर्ट खरा आणि दगड दुसराच, हा जुना खेळ आहे. मापं म्हणजे दगडाचा चेकसम समजा. रिपोर्टचा नंबर लॅबच्या वेबसाइटवर टाकून पाहा. मुंबईत जीआयएची आणि जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची लॅब आहे, जयपूरलाही जुनी लॅब आहे. दगड नेण्याआधी फोन करून रंगीत खड्यांचा कुठला रिपोर्ट मिळेल ते विचारा. आणि हॉलमार्क हा फक्त धातूच्या शुद्धतेचा असतो. सोन्यावर हॉलमार्क आहे म्हणून खडा अस्सल, असं होत नाही.

मूळ गाव आणि भाव

'बर्मा' हा शब्द ऐकला की भाव चढतो. मोगोकचे लाल दगड खरंच सुंदर असतात. तिथे काही स्फटिक जमिनीतून इतके गुळगुळीत निघतात की स्थानिक लोक त्यांना 'नात थ्वे' म्हणतात, म्हणजे देवतांनी पैलू पाडलेले. पण टांझानियाच्या महेंगे भागात २००७ च्या सुमारास प्रचंड मोठे स्फटिक सापडले आणि त्यांचा झगझगीत गुलाबी-लाल रंग आज स्वतःच्या नावाने विकला जातो. व्हिएतनाम, ताजिकिस्तान, श्रीलंका इथूनही माल येतो. मूळ गाव हे लॅबचं मत असतं, मोजमाप नव्हे. विक्रेत्याचं तोंडी 'बर्मा' तर मतही नव्हे. शिवाय म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथल्या सरकारी रत्न कंपनीवर अमेरिकेने निर्बंध घातले. आपले पैसे कुठे जातात याचा विचार ज्याने त्याने करावा. मी स्वतः गावाच्या नावासाठी जादा पैसे देणार नाही, रंगासाठी देईन.

भाव नेहमी कॅरेटमध्ये विचारा. आपल्याकडे रत्तीत बोलतात आणि रत्ती एक नाही. सोनाराची रत्ती सुमारे ०.१२ ग्रॅम, राशीच्या खड्यांची रत्ती बऱ्याच ठिकाणी सुमारे ०.१८ ग्रॅम. कॅरेट मात्र सगळीकडे ०.२ ग्रॅम. आणि दोन कॅरेटचा एक दगड हा एक-एक कॅरेटच्या दोन दगडांपेक्षा महाग असतो, कारण मोठा आणि स्वच्छ लाल दगड मिळणंच कठीण. बजेट कमी असेल तर आकार कमी करा, रंगावर तडजोड करू नका. मळकट मोठा दगड बोटात मळकटच दिसतो.

पैसे देण्याआधी

शक्यतो सुटा दगड घ्या आणि नंतर कोंदणात बसवा. जव्हेरी बाजारात व्यापारी एकमेकांना जांगडवर माल देतात, म्हणजे आधी पसंती, मग पैसे. गिऱ्हाईक म्हणून तेवढी मुभा मिळेल असं नाही, पण 'लॅबने नैसर्गिक स्पिनेल म्हटलं नाही तर पूर्ण पैसे परत' एवढं लिहून मागायला काय हरकत आहे? जो विक्रेता हे लिहून देत नाही, त्याने तुम्हाला उत्तर दिलेलंच आहे.

पक्क्या बिलावर 'माणिक' नको, 'लाल खडा' नको, 'उपरत्न' नको. 'नैसर्गिक स्पिनेल', वजन कॅरेटमध्ये, रिपोर्ट नंबर. तयार अंगठी घेत असाल तर खड्याचं वजन वजा करून निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या, नाहीतर दगडही सोन्याच्या भावाने विकला जातो. राशीसाठी घेत असाल, हौसेसाठी घेत असाल, तपासणी सगळ्यांना सारखीच.

थोडक्यात, दगड काय आहे हे लॅबला विचारा आणि तो आवडतो का हे स्वतःच्या डोळ्यांना विचारा. विक्रेत्याला फक्त भाव विचारा. या तीन कामांची अदलाबदल झाली की पैसे जातात.

काही विचारायचं असेल तर नेहमीसारखं लिहा. मात्र दगडाचा फोटो पाठवून 'अस्सल आहे का?' विचारू नका. फोटोवरून ते कुणालाच सांगता येत नाही, आणि कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून मुळीच घेऊ नका. भेटू पुढच्या भागात.